शासनाशी भागीदारी : सहीपूर्वी आणि सहीनंतर

शासनाच्या एखाद्या आरोग्य योजनेत आपल्या रुग्णालयाने सहभागी व्हावे किंवा कसे, हा विषय धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांपुढे वारंवार येतो. डायलिसिस केंद्र, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, क्षयरोग नियंत्रण, रुग्णवाहिका, प्राथमिक आरोग्य केंद्र चालवावयास घेणे, असे त्याचे अनेक प्रकार आहेत. प्रस्तावाचा मसुदा बहुधा सदिच्छेने भारलेला असतो आणि ज्या संस्थेची स्थापनाच गरजू रुग्णांच्या सेवेसाठी झाली, तिला नकार देणे जड जाते. प्रस्तुत लेखात आम्ही सदिच्छेविषयी फारसे लिहिणार नाही. ती दोन्ही बाजूंना आहे असे गृहीत धरून, अशा प्रकल्पांची आखणी व रोजचा कारभार कसा असावा, याचा देशातील काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे विचार करावयाचा आहे. देणगीदारांनी आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीही तो वाचावा, अशी विनंती आहे. कारण करारात जो खर्च कोणाच्याच नावावर लिहिलेला नसतो, तो शेवटी या दोघांपैकी एकाच्या खिशातून जातो.

प्रथम शब्दाविषयी थोडे. शासकीय रुग्णालयाने कपडे धुण्याचे किंवा सुरक्षेचे काम बाहेरच्या संस्थेला दिले, तर तो ठेका झाला. रुग्णालयच विकून टाकले, तर ते खासगीकरण. सार्वजनिक-खासगी भागीदारीत सेवेचे अंतिम उत्तरदायित्व शासनाकडेच राहते. काम, खर्च आणि जोखीम मात्र काही वर्षांसाठी वाटून घेतली जाते. यांपैकी काम वाटणे सोपे असते. खर्च वाटताना घासाघीस होते. जोखमीविषयी सहीच्या दिवशी कोणीही बोलत नाही.

कायद्यातून आलेली भागीदारी

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालये कोणताही नवा करार न करताही शासनाची भागीदार आहेत, हे पुष्कळ देणगीदारांना ठाऊक नसते. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये पुढे समाविष्ट झालेल्या कलम ४१ कक अन्वये, शासनाकडून जमीन, करसवलत किंवा अन्य साहाय्य मिळालेल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांवर २० टक्के खाटांचे बंधन आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. शासनाने जे दिले त्याची परतफेड खाटांच्या रूपाने व्हावी, असा हा व्यवहार आहे.

कलम जुने होते. परंतु ‘विनामूल्य’ म्हणजे नेमके काय, त्याचा खर्च कोठून भागवायचा, हिशेब कोणाला द्यायचा, हे स्पष्ट नव्हते. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जी योजना लागू झाली, तिने ही उणीव मोठ्या प्रमाणात भरून काढली. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करावयाची. निर्धन रुग्णाकडून काहीही घ्यावयाचे नाही. औषधे, उपभोग्य साहित्य व शरीरात बसवावयाची साधने यांचा खर्च रुग्णालयाच्या खरेदी-किमतीनेच या निधीवर टाकावयाचा. दुर्बल घटकांतील रुग्णाने औषधे व साहित्याच्या देयकाचा किमान निम्मा भाग द्यावयाचा. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यावयाचे आणि जीव वाचविण्यासाठी आवश्यक ते उपचार करावयाचे. या सर्वांचा तपशील नियमितपणे धर्मादाय कार्यालयास कळवावयाचा. योजनेवर टीका होते आणि तीतील काही भाग योग्यही आहे. तथापि खाटा, पैसा, किंमत आणि हिशेब या चारही गोष्टी एकाच कागदावर लिहिलेल्या आहेत, हा तिचा गुण आम्हांस मोठा वाटतो.

हे लिहिले नाही तर काय होते, याचे उदाहरण राजधानीत आहे. दिल्ली सरकारने इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयासाठी सुमारे १५ एकर जमीन नाममात्र एक रुपया भाड्याने दिली आणि कंपनीत २६ टक्के भागही घेतला. मोबदल्यात एक तृतीयांश खाटा आणि बाह्यरुग्ण सेवेतील ४० टक्के सेवा मोफत द्यावयाची, असे ठरले. मोफत म्हणजे केवळ खाट, तपासणी व शुश्रूषा, की औषधे आणि साहित्यही, यावर वाद उभा राहिला. गरीब रुग्णाच्या दृष्टीने हा शब्दच्छल नव्हे. मोठ्या शस्त्रक्रियेत औषधे व साहित्याचा खर्च इतका असतो की खाट फुकट मिळूनही रुग्ण दारातूनच परत जाऊ शकतो. २२ सप्टेंबर २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने औषधे व साहित्यासह सर्व मोफत, असा निर्णय दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२५ सालीही तेथे त्यावर सुनावणी चालू होती. रुग्णालय १९९६ मध्ये सुरू झाले, म्हणजे एका शब्दाच्या अर्थासाठी एक पिढी गेली.

पैसे कशाचे द्यावयाचे?

भागीदारी कशी चालेल, हे पुष्कळ अंशी मोबदल्याच्या सूत्रावर ठरते. येथे गुजरातमधील चिरंजीवी योजना अभ्यासण्यासारखी आहे. ग्रामीण भागात शासकीय स्त्रीरोगतज्ज्ञ मिळत नव्हते, तालुक्याच्या गावी खासगी तज्ज्ञ मात्र होते. तेव्हा दारिद्र्यरेषेखालील स्त्रियांची प्रसूती या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णालयात करावी आणि खर्च शासनाने द्यावा, अशी ही योजना डिसेंबर २००५ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाली व २००७ मध्ये राज्यभर लागू झाली.

मोबदला प्रत्येक प्रसूतीप्रमाणे ठरविलेला नव्हता. तो शंभर प्रसूतींचा एकत्रित, १,७९,५०० रुपये, म्हणजे सरासरी १,७९५ रुपये होता. त्याचा हिशेब असा मांडला होता : शंभरांपैकी ८५ प्रसूती नैसर्गिक, प्रत्येकी ८०० रुपये; ७ सिझेरियन, प्रत्येकी ५,००० रुपये; उरलेल्या अन्य गुंतागुंतीच्या. रक्त, सोनोग्राफी, नवजात बालकाची विशेष काळजी यांसाठी वेगळ्या रकमा. आणि प्रत्येक मातेच्या प्रवासासाठी २०० व सोबत येणाऱ्या दाईसाठी ५० रुपयेही त्यातच. सिझेरियन केले काय, न केले काय, डॉक्टरांना रक्कम तीच मिळणार. त्यामुळे अनावश्यक शस्त्रक्रियेचा मोह मुळातच खुंटला. देयकाची छाननी सोपी झाली, कारण मोजायच्या होत्या त्या केवळ प्रसूती. प्रवासखर्च सूत्रात धरल्यामुळे तो कुटुंबावर पडणार नाही, ही काळजीही घेतली गेली. कागदावर याहून सुबक सूत्र आम्ही पाहिलेले नाही.

सरासरीच्या सूत्रात एक धोका मात्र दडलेला असतो. ज्या डॉक्टरकडे अवघड रुग्ण अधिक येतात, त्याला तोटा होतो. मग अवघड दिसणारी माता ‘पुढे न्या’ म्हणून शासकीय रुग्णालयाकडे पाठविली जाण्याची शक्यता निर्माण होते. शिवाय दर ठरतो एका वर्षी आणि महागाई वाढते दरवर्षी. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका स्वतंत्र अभ्यासाने असे दाखविले की, योजनेमुळे रुग्णालयातील प्रसूतींच्या प्रमाणात अथवा कुटुंबांच्या खर्चात लक्षणीय फरक पडल्याचे दिसत नाही. रुग्णालयातील प्रसूती त्या काळात वाढल्या खऱ्या. पण त्या योजनेविनाही वाढत होत्या. सुरुवातीच्या अहवालांतील आकड्यांवरून जी ख्याती झाली होती, ती यामुळे बरीच खाली आली. आरंभीची स्थिती नोंदवून ठेवल्याशिवाय आणि बाहेरच्या कोणाकडून मोजमाप करून घेतल्याशिवाय, भागीदारी यशस्वी झाली हे ठरविता येत नाही.

मोजावयाचे काय, याचा धडा मोतीबिंदूच्या कार्यक्रमाने दिला. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सेवाभावी नेत्ररुग्णालयांना प्रत्येक शस्त्रक्रियेमागे ठरावीक अनुदान मिळत आले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत जो मोठा प्रकल्प झाला, त्यात दीड कोटींहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. याच काळात शाळेत वा मंडपात शस्त्रक्रियेची शिबिरे घेण्याची पद्धत मागे पडून रुग्णाला सुसज्ज शस्त्रक्रियागृहात आणण्याची पद्धत रूढ झाली, आणि जाड भिंगाच्या चष्म्याऐवजी डोळ्यातच भिंग बसविणे सार्वत्रिक होऊ लागले. हे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु शस्त्रक्रियांची संख्या म्हणजे परत आलेली दृष्टी नव्हे. शस्त्रक्रिया झालेल्या किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगली दृष्टी यावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे. तो पाळला गेला का, हे कळण्यासाठी रुग्ण काही आठवड्यांनी पुन्हा तपासावा लागतो. त्या दुसऱ्या फेरीचा खर्च अनुदानात धरलेला नसेल, तर ती फेरी होत नाही. जेथे होते, तेथे ती बहुधा देणगीतून होते.

कोरा कागद

म्हणून कोणताही प्रस्ताव वाचताना आम्ही एक साधी पद्धत सुचवितो. मसुदा क्षणभर बाजूला ठेवावा आणि कोऱ्या कागदावर रुग्णाची वाट लिहून काढावी. मोतीबिंदूच्या रुग्णाचेच पाहा. आजी वाडीवर राहतात. त्यांना तपासणी शिबिराची वर्दी कोण देणार? तालुक्याहून रुग्णालयात आणणारी गाडी कोणाची, तिचे डिझेल कोणाचे? रक्तातील साखर वाढलेली निघाली तर शस्त्रक्रिया लांबणार; त्या दिवसाच्या जेवणाचे आणि परतीच्या प्रवासाचे काय? भिंग कोणत्या प्रतीचे? सोबतच्या सुनेचा दिवसाचा रोजगार बुडणार, तिला झोपायला जागा कोठे? घरी गेल्यावर महिनाभर घालावयाच्या थेंबांच्या बाटल्या किती? जंतुसंसर्ग झाला तर उपचार कोठे, कोणाच्या खर्चाने? सहाव्या आठवड्यात चष्मा कोण देणार?

प्रत्येक ओळीसमोर दोनच गोष्टी लिहावयाच्या : काम कोणाचे, पैसे कोणाचे. मग मसुदा परत उघडावा. ज्या ओळींसमोर नाव लिहिता येत नाही, त्या ओळींवर चर्चा करावी आणि उत्तर करारात घालून घ्यावे. वीस ओळींपैकी पाच-सहा तरी अशा निघतात. शासकीय अधिकारीही या चर्चेला सहसा नाखूश नसतात. लेखापरीक्षणात उत्तर त्यांनाच द्यावयाचे असते.

यंत्रसामग्रीच्या प्रकल्पात हा कागद अधिकच उपयोगी पडतो. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाच्या नमुन्यात खासगी भागीदाराने यंत्रे, पाणी शुद्ध करण्याचा संच आणि मनुष्यबळ द्यावयाचे, तर जिल्हा रुग्णालयाने जागा, वीज आणि पाणी. वाटणी अगदी स्पष्ट दिसते. परंतु चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागते, आणि ते मिळविण्यासाठी त्याहून बरेच अधिक पाणी संचात सोडावे लागते. दुष्काळी तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत नळ दिवसाआड येऊ लागला, तर टँकरचे पैसे कोणाचे? वीज गेल्यावर जनित्र कोणाचे? आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाला ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगता येत नाही. शुद्ध पाण्याची रासायनिक व जंतूंची तपासणी ठरल्या दिवशी कोणी करावयाची आणि तिची नोंद कोणी पाहावयाची, हेही नाव घालून लिहिले पाहिजे.

ज्याच्याकडे जे आहे ते

पैशाची मोठी देवाणघेवाण न होताही भागीदारी उत्तम चालू शकते. हैदराबादच्या महावीर रुग्णालयाचे क्षयरोगातील काम आम्हांस या दृष्टीने आदर्श वाटते. हे धर्मादाय रुग्णालय आहे. १९९५ साली त्याने आसपासच्या सुमारे एक लाख वस्तीसाठी शासकीय कार्यक्रमाचे केंद्र चालविण्यास घेतले; १९९८ पासून ते क्षेत्र सुमारे पाच लाखांवर गेले. औषधे शासनाची, तपासणी व उपचारांचे नियोजन रुग्णालयाचे. पण खरी अडचण तिसरीकडेच होती. खोकल्याचा रुग्ण प्रथम गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जात असे, आणि त्याला पुढे पाठविले तर आपला रुग्ण तुटेल, अशी भीती त्या डॉक्टरला वाटे. रुग्णालयाने या डॉक्टरांशी संबंध जोडला. पाठविलेल्या रुग्णाचे निदान व प्रगती त्यांना कळविली जाई, आणि परिसरातील लहान खासगी दवाखान्यांतच रुग्णाला देखरेखीखाली औषध घेता येई, जेणेकरून रोज लांब जाऊन मजुरी बुडू नये. शेकडो खासगी डॉक्टर रुग्ण पाठवू लागले आणि नव्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांचे उपचार यशस्वी झाले. शासनाकडे औषध होते, डॉक्टरकडे रुग्णाचा विश्वास होता, रुग्णालयाकडे प्रयोगशाळा आणि चिकाटी होती. भागीदाराला कशाची भीती वाटते, हे ओळखून आखणी केल्यामुळे हे तिन्ही एकत्र आले.

भागीदारच कोसळला तर?

कराराचा शेवट कसा होईल, हे सुरुवातीलाच लिहावे लागते. लग्नाच्या बैठकीत काडीमोडाची भाषा अशुभ वाटावी तसे हे कलम वाटते. पण ते हवेच. १०८ क्रमांकाची तातडीची रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली, तेव्हा तिच्यामागे सत्यम उद्योगसमूहाचे संस्थापक होते. जानेवारी २००९ मध्ये त्या कंपनीच्या हिशेबातील घोटाळा उघड झाला. सेवा तोवर अनेक राज्यांत पसरली होती. तरीही रुग्णवाहिका थांबल्या नाहीत, कारण चालविण्याच्या खर्चाचा फार मोठा भाग राज्य शासने देत होती आणि संस्था कंपनीहून वेगळी नोंदलेली होती. त्याच वर्षी जीव्हीके समूहाने ती पुढे चालविली. महाराष्ट्रात हीच क्रमांकसेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी दुसऱ्या संस्थेमार्फत सुरू झाली. भागीदार बदलला तरी नागरिकाला लक्षात ठेवावयाचा क्रमांक तोच राहिला. आपल्या लहान प्रकल्पातही यंत्रांची मालकी कोणाची, रुग्णांच्या नोंदी कोणाच्या, करार संपल्यावर चालू उपचार किती महिने व कोणी पूर्ण करावयाचे, हे लिहिलेले असावे.

देणगीदारांच्या पैशाविषयी

आता सर्वांत नाजूक भाग. शासनाचे पैसे बुडत नाहीत, परंतु ते उशिरा येतात. पूर्वपरवानगी, उपचार, कागदपत्रे, छाननी, त्रुटींची पूर्तता, मंजुरी, मग निधीची उपलब्धता, असा तो प्रवास असतो. मार्चअखेर काही येते, पुढे महिनोन्महिने काही येत नाही. दरम्यान परिचारिकांचे पगार आणि औषध पुरवठादारांची बिले थांबत नाहीत. हे अंतर धर्मादाय रुग्णालय कशाने भरून काढते? बहुधा देणग्यांनी. देणगीदाराने बालरुग्ण विभागासाठी दिलेली रक्कम तीन महिन्यांपुरती ‘फिरविली’ जाते. असे करणे आम्हांस मान्य नाही, मग हेतू कितीही चांगला असो. विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा त्याच कामाचा असतो; तो शासनाला दिलेले बिनव्याजी कर्ज होता कामा नये.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही सहीपूर्वीचे. पहिला, प्रत्येक भागीदारी प्रकल्पाचे बँक खाते व लेखे स्वतंत्र ठेवणे, म्हणजे येणे किती तुंबले आहे ते दरमहा विश्वस्तांपुढे येते. दुसरा, किती महिन्यांचे येणे थकले असता आपण प्रकल्प चालवू शकतो, याचा हिशेब आधीच मांडून तेवढा राखीव निधी त्याच नावाने, देणगीदारांना स्पष्ट सांगून उभारणे. आमचा अनुभव असा की देणगीदार यास नकार देत नाहीत. भिंतीवर नाव लागत नसले तरी ‘आपल्या पैशामुळे डायलिसिस एकही दिवस थांबले नाही’ हे त्यांना समजते. आणि तेवढा निधी उभा राहणार नसेल, तर प्रकल्प लहान करावा किंवा न घ्यावा. नकार देणेही विश्वस्तांचे काम आहे.

सहीनंतरच्या कारभाराविषयी थोडक्यात. प्रकल्पासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि ती वारंवार बदलू नये. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात महिन्यातून एकदा समक्ष बसून थकलेली देयके आणि परत पाठविलेले रुग्ण, या दोन्हींची यादी वाचावी. परत पाठविलेल्या रुग्णांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. आमच्या मते ती उपचार झालेल्यांच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे, कारण मोबदल्याचे सूत्र कोणाला दाराबाहेर ठेवत आहे, हे तीतूनच कळते.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी शेवटी एक व्यावहारिक सूचना. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे संरक्षण प्रतिकुटुंब दीड लाखावरून ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. या योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. धर्मादाय खाटांची चौकशी मात्र वैद्यकीय समाजसेवकाकडे करावी. दोन्ही व्यवस्था वेगळ्या आहेत, आणि एकीत उपचार बसत नसेल तर दुसरीत बसू शकतो. येताना शिधापत्रिका, आधारपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत आणावा. तातडीचा प्रसंग असेल तर कागदांसाठी थांबू नये. रुग्णास प्रथम दाखल करावे आणि दाखला मागाहून आणून द्यावा.